‘आभाय कोरं शे’ म्हणून अलर्टकडे दुर्लक्ष करू नका: हवामानाचे इशारे वाचताना या चुका टाळा

आमच्याकडे खान्देशात दर पावसाळ्यात एक बोलणं हमखास कानावर पडतं. कुणाच्या तरी मोबाइलवर ऑरेंज अलर्टचा मेसेज येतो, शेजारचा वर बघतो आणि म्हणतो, “आभाय कोरं शे भाऊ, काही व्हस नही.” म्हणजे आभाळ कोरं आहे, काही होत नाही. नदीकाठची पाणी उपसायची मोटार काढायची राहते ती तिथेच. तापीकाठच्या आमच्या एका शेजाऱ्याची मोटार, पाइप, स्टार्टर सगळं असंच वाहून गेलं. त्या दिवशी गावात थेंबही पडला नव्हता. मेहनतीच्या माणसाचं नुकसान एका न वाचलेल्या ओळीपायी व्हावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

गावचं आभाळ पाहून पुराचा अंदाज बांधणं

खान्देशातली ही सगळ्यात महाग चूक आहे. तापी मुलताईला उगम पावते आणि बुऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते. पूर्णा अकोला-बुलढाण्याकडचं पाणी घेऊन चांगदेवला तिला मिळते. तिथून पुढे हतनूर. धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडायचे, हे भुसावळच्या पावसापेक्षा वरच्या पाण्यावर जास्त ठरतं. तेच पाणी पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बंधाऱ्यांवरून उतरत जातं. म्हणून शिंदखेडा-शहाद्याच्या नदीकाठच्या माणसाने आपल्या जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग हिरवा दिसला, तरी बुऱ्हाणपूर आणि अकोल्याचा रंग बघायला हवा.

इथे एक अडचण आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे हवामान खात्याच्या ‘मध्य महाराष्ट्र’ विभागात येतात आणि त्यांचे इशारे मुंबईहून निघतात. मुक्ताईनगरला खेटून असलेला बुलढाणा विदर्भात, त्याचे इशारे नागपूरहून. बुऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात. एकच पत्रक वाचून नदीचं चित्र पूर्ण होत नाही. ‘मध्य महाराष्ट्र’ ऐकून ‘ते पुण्याकडचं असेल’ असं समजणारेही मी बरेच पाहिले आहेत.

गिरणेचं तेच. धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात, आणि सोडलेलं पाणी येतं चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याच्या शिवारात. पाटबंधारे खात्याच्या मेसेजमधला ‘क्युसेक’ शब्दही नुसता ओलांडून जाऊ नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेकचा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटर.

लहान नद्या तर तेवढाही वेळ देत नाहीत. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावच्या डोंगराळ भागात रात्री जबर पाऊस झाला आणि तितूर, डोंगरी या नद्यांचं पाणी शहरात शिरलं. डोंगराच्या पायथ्याशी असाल तर संध्याकाळचा ऑरेंज अलर्ट रात्रीच्या झोपेआधी गंभीरपणे घ्या. गुरं उंचावर बांधा, मोटार काढा, टॉर्च उशाशी ठेवा.

रंग म्हणजे मिलिमीटर असं समजणं

हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. हा रंग ठरताना दोन गोष्टी पाहतात: घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर फटका किती. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असेल तर कमी पावसालाही वरचा रंग लागू शकतो.

पाऊस किती, ते शब्दांत असतं. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’, त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. ६५ मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका एकरावर ते अडीच लाख लिटरच्या वर पाणी होतं. खळ्यावर मका पडला असेल, कापूस वेचणीला आला असेल, तर हा हिशेब आधी करा.

रंगाच्या शेजारचा मजकूरही वाचा. मे-जूनमधला पिवळा अलर्ट बहुतेकदा वीज आणि वाऱ्याचा असतो. ‘ताशी ५० ते ६० किमी वारे’ असं लिहिलं असेल, तर रावेर-यावलच्या निसवलेल्या केळीला त्या दिवशी टेकू पाहिजेच. पाऊस पडला नाही म्हणून तो इशारा खोटा ठरत नाही.

‘तुरळक ठिकाणी’ वगळून वाचणं

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त चौथाई केंद्रांवर. चोपड्याला झोडपलं आणि अमळनेर कोरडं राहिलं, तरी अंदाज बरोबरच असतो. आपल्याकडे पडला नाही की ‘हवामानवाले काहीही सांगतात’ म्हणून मोकळं होतो आणि पुढचे चार इशारे वाचत नाही.

तारीखही बघा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतात, त्यामुळे आजच्या इशाऱ्यात आजची रात्रही येते. ग्रुपवर फिरणारा फोटो कधीचा आहे ते कळत नसेल तर पुढे पाठवू नका. ‘मौसम’ किंवा ‘सचेत’ या सरकारी अॅपवर स्वतः तपासा. नाउकास्ट नावाचा इशारा तर तीनच तासांपुरता असतो.

उन्हाचा अलर्ट नाही म्हणजे ऊन बेताचं, असं मानणं

हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट धरायला तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त लागतं, नाहीतर थेट ४५. ते निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. आपली मे महिन्याची सरासरीच चढी. समजा ती ४२ असेल, तर ४४ अंशांना ‘लाट’ म्हणून इशारा येईलच असं नाही. अंगाला मात्र ते ४४ अंशच लागतात. म्हणून भुसावळ-जळगावात अलर्टची वाट न बघता दुपारी बारा ते चार शेतमजुरांना सावलीत बसवा. कुणाला घाम यायचा थांबला, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर अंगावर पाणी ओतत १०८ ला फोन करा.

विजेच्या वेळी लिंबाखाली थांबणं

वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की पक्क्या घरात जा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, ते फोनमध्ये असू द्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शेतात परतू नका. अडकलाच तर झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्येही आजच टाकून द्या.