नोकरी उपनगरात, घर शहरात: भाग निवडताना या चुका टाळा

ऑफिस शहराबाहेर, पण राहायचं मात्र शहरातच, असं ठरवणारे बहुतेक जण शोध घराकडून सुरू करतात. आधी आवडता भाग, मग भाडं, आणि ऑफिस तिथून किती लांब हा प्रश्न सगळ्यात शेवटी. गडबड इथेच होते. शहरातल्या घरापासून स्टेशन गाठायला तीन-चार मार्ग असतात. उपनगरातल्या स्टेशनपासून ऑफिसच्या दारापर्यंत जायला बऱ्याचदा एकच बस असते, तीही तासाला दोनदा. प्रवासाचं हे दुबळं टोक आधी पक्कं करायचं आणि मग शहराकडे सरकत यायचं.

शेवटचा टप्पा नकाशावर मोजणं

माणूस साधारण मिनिटाला ८० मीटर चालतो. ऑफिस स्टेशनपासून ८०० मीटरवर दिसलं की आपण दहा मिनिटं धरतो. पण ते सरळ रेषेतलं अंतर असतं. उपनगरातली ऑफिस संकुलं गाडीनं येणाऱ्यांसाठी आखलेली असतात. मधे हमरस्ता, तो ओलांडायचा पूल बराच पुढे, कुंपणाला फाटक एकच आणि तेही मागच्या रस्त्यावर, फाटकापासून इमारत पुन्हा आत. अशा ठिकाणी ८०० मीटरचे १,६०० व्हायला वेळ लागत नाही, म्हणजे एका वेळचे वीस मिनिटं आणि दिवसाचे चाळीस. त्यात फुटपाथ नसेल किंवा अंधारात दिवे नसतील, तर ते अंतर चालण्याजोगं धरूच नका.

करायचं ते असं: इमारतीच्या दारातून निघा, फाटकातून नव्हे. पंधरा मिनिटांत चालत कोणकोणते थांबे आणि स्टेशनं गाठता येतात ते लिहा, आणि तिथून शहरात कोणते मार्ग थेट जातात ते त्याखाली लिहा. बहुधा शहराचे दोन-तीन पट्टेच हाती लागतात. घर त्यात शोधायचं.

कंपनीची बस असेल, तर घर बघण्याआधी तीन गोष्टी विचारा: जागा पक्की मिळते की प्रतीक्षायादी आहे, संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता, आणि थांबे किती वेळा बदलतात. केवळ या बसच्या भरवशावर घर घेऊ नये. प्रवासी कमी झाले की थांबा रद्द होतो, आणि तुमच्या भागातून तुम्ही एकटेच जात असाल तर तुमचाच आधी.

उलट दिशेला रस्ता मोकळाच, असं गृहीत धरणं

सगळे सकाळी शहरात येतात आणि आपण बाहेर जातो, तेव्हा रस्ता रिकामा मिळणार, हा तर्क अर्धाच खरा आहे. हमरस्त्याचा मधला पट्टा खरंच मोकळा मिळतो, पण दोन्ही टोकं मिळत नाहीत. सिग्नलच्या वेळा गर्दीच्या दिशेला झुकत्या ठेवलेल्या असतात, म्हणून शहरातून बाहेर पडेपर्यंत तुम्ही थांबत-थांबत जाता. काही रस्त्यांवर गर्दीच्या वेळी उलट बाजूची एखादी मार्गिका मोठ्या प्रवाहाला दिलेली असते. आणि दुसऱ्या टोकाला, संकुलाच्या वळणावर, आसपासच्या उपनगरांतून आलेल्या सगळ्या गाड्या तुमच्याच रांगेत असतात.

रेल्वे आणि बसचं दुखणं वेगळं. गर्दीच्या दिशेला दर ८ ते १० मिनिटांनी गाडी असली, तरी उलट दिशेला ती अर्ध्या तासानंही असू शकते, कारण रिकाम्या होणाऱ्या काही गाड्या प्रवासी न घेताच परत नेतात. काही जलद गाड्या उलट फेरीत मधली स्टेशनं गाळतात. म्हणून ‘या मार्गावर गाड्या भरपूर आहेत’ हे ऐकून समाधान मानू नका. तुमच्या दिशेचं, तुमच्या तासाचं वेळापत्रक उघडा आणि गाड्या बोटांवर मोजा.

गाडी बदलावी लागणार असेल, तर क्रमही पाहा. विरळ गाडीतून उतरून वारंवार येणाऱ्या गाडीत बसणं सोपं. एक चुकली तर दहा मिनिटांत दुसरी. वारंवार येणारी सोडून विरळ गाडी पकडायची असेल तर एका मिनिटाच्या उशिराची किंमत अर्धा तास. शहरातून उपनगरात जाताना सकाळचा क्रम नेमका हाच, धोक्याचा असतो. तिथे किमान दहा मिनिटांची सवड ठेवा आणि ती प्रवासाच्या वेळेतच मोजा.

किलोमीटर पाहणं, बाजू न पाहणं

ऑफिस उत्तरेला आणि घर दक्षिणेला असेल, तर रोज भर शहर ओलांडावं लागतं. असं १४ किलोमीटरचं घर, ऑफिसच्याच बाजूला बाहेर पडणाऱ्या रस्त्याजवळच्या १९ किलोमीटरच्या घरापेक्षा बहुतेक वेळा लांब पडतं. घरापासून हमरस्त्याला लागेपर्यंत किती सिग्नल आहेत ते मोजा. एकूण किलोमीटरपेक्षा तो आकडा जास्त बोलतो.

जाता जाता एक बारीक गोष्ट, गाडी चालवणाऱ्यांसाठी. घर ऑफिसच्या पश्चिमेला असेल, तर सकाळी पूर्वेकडे जाताना आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परतताना, दोन्ही वेळा ऊन डोळ्यांवर येतं. घर पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा पाठीवर. बाकी सगळं सारखं असेल तर पूर्वेचं घर घ्या.

सरासरी वेळेवर विसंबणं

रविवारी दुपारी घर बघायला जायचं आणि तिथूनच मोबाइलवर ऑफिसची वेळ पाहायची, ही सर्रास होणारी चूक. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये कामाचा दिवस आणि पोचायची वेळ घाला, आणि परतीची वेळ स्वतंत्र पाहा. संध्याकाळी ऑफिसवाल्यांच्या जोडीला खरेदीला निघालेले आणि मुलांना क्लासला सोडणारेही रस्त्यावर असतात.

त्यानंतर प्रत्यक्ष जाऊन पाहा, किमान दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी. भाडेकरारापूर्वी जमलं तर दहा फेऱ्यांची नोंद करा. समजा, वेळा अशा आल्या: ३८, ४०, ४१, ४१, ४२, ४३, ४४, ४६, ५८, ७१ मिनिटं. सरासरी साधारण ४६ येते. पण दहातून एकदाच उशीर चालणार असेल, तर रोज ५८ मिनिटं आधी निघावं लागेल. तुमचा खरा प्रवास ५८ मिनिटांचा आहे. दोन घरांची तुलना करतानाही दुसऱ्या क्रमांकाच्या वाईट वेळेनं करा.

फरक किरकोळ वाटला तर गुणाकार करून पाहा. एका वेळचे २० मिनिटं जास्त, दिवसाला दोनदा, महिन्याचे २२ दिवस: १४ तास ४० मिनिटं. माणसं रोज सरासरी तासभरच प्रवासाला देतात, असं निरीक्षण इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं. तो काही कायदा नव्हे, पण त्याच्या दुपटीला पोचणारं घर कितीही सुंदर असलं तरी दोनदा विचार करावा.

होणाऱ्या रस्त्यावर घर घेणं

‘दोन वर्षांत नवा रस्ता होतोय’ हे वाक्य घर दाखवणारा हमखास म्हणतो. आज जे नाही ते हिशेबात धरू नका. रस्ता झाला तरी फायदा टिकेलच असं नाही. गर्दीच्या वेळी रस्ते पुन्हा भरेपर्यंत गाड्या तिकडे वळतात, हा नियम अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवला आहे.

ज्या वेळी घरी नसता, त्या वेळचा भाग पाहणं

दुपारी बारा वाजता गजबजलेला भाग रात्री आठला कसा असतो? कामाच्या दिवशी तुम्हाला तोच मिळणार. किराणा, औषधं, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडे असतात ते रात्री जाऊन पाहा. गाडीनं जाणार असाल तर रात्री साडेनऊला तिथे जागा शोधून पाहा. जुन्या दाट वस्तीत दिवसा मोकळी दिसणारी जागा रात्री मिळत नाही, आणि ठरलेली जागा नसलेलं घर रोजच्या प्रवासात पंधरा मिनिटं वाढवतं.

दोघं नोकरी करणारे असाल, तर दोन्ही प्रवासांची नुसती बेरीज करू नका. ३० आणि ८० पेक्षा ५० आणि ६० बरं, कारण ८० वाला सहा महिन्यांत घर बदलायला लावतो.

घर घेऊन झालंय आणि प्रवास जमत नाहीये

लगेच शहर सोडायचा विचार नको. आधी आठवडाभर वीस मिनिटं लवकर निघून पाहा, मग आठवडाभर वीस मिनिटं उशिरा; संकुलाच्या दाराची रांग अनेकदा एवढ्यानंच टळते. वेळ नेमका कुठे जातो ते टप्प्याटप्प्यानं लिहा: घर ते स्टेशन, वाट पाहणं, गाडीतला वेळ, गाडी बदलणं, स्टेशन ते ऑफिस. स्टेशन ते ऑफिस हाच अडथळा असेल तर त्या टोकाला एक जुनी सायकल ठेवा. वीस मिनिटांचं चालणं सहा-सात मिनिटांवर येतं आणि विरळ बसची वाट पाहावी लागत नाही. मात्र सायकलला सुरक्षित जागा आहे का ते आधी बघा, आणि कुलूप सायकलपेक्षा चांगलं घ्या.

वेळ घर ते स्टेशन या टप्प्यात जात असेल, तर करार संपताना भाग बदलू नका, त्याच भागात स्टेशनजवळची गल्ली शोधा. आणि गाडी बदलण्यात जात असेल, तर थेट मार्गावरच्या पुढच्या-मागच्या दोन स्टेशनांभोवती घर पाहा. नव्या करारात मुदतीआधी घर सोडण्याची अट आणि नोटिशीचे दिवस स्पष्ट लिहून घ्या. ऑफिसही जागा बदलतं.