पाळलेला कुत्रा दुसऱ्या घरी देताना या चुका टाळा

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला त्या वर्षी आम्ही टफीला दुसऱ्या घरी दिलं आणि अकराव्या दिवशी तो परत आला. चूक त्याची नव्हती, त्या घराचीही नव्हती. आमचीच होती. नंतर त्याला नीट घर मिळालं, आणि इथे इंदूरात, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातल्या ओळखीच्या काही घरांनाही मी या कामात मदत केली. सगळीकडे एकच गोष्ट दिसली. माणसाला लाज वाटते. ‘पोरासारखं वाढवलं आणि आता काढून टाकताय?’ असं कुणी विचारेल म्हणून तो गप्प राहतो, मग घाईत देतो आणि देताना कुत्र्याच्या खोडी लपवतो.

सामान बांधायला काढल्यावर शोध सुरू करणं

चांगलं घर शोधायला दीड-दोन महिने लागतात असं धरूनच चाला. आणि त्याआधी, द्यायलाच हवं का, हे एकदा तपासा. ‘सोसायटी ठेवू देत नाही’ हे कारण पुष्कळदा खरं नसतं. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे, बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. ‘पुण्याला बदली झाली, रेल्वेने कसा नेणार?’ हेही तसंच. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) किंवा चार बर्थची केबिन घेतली तर कुत्रा सोबत येतो. टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये नेता येत नाही. गार्डच्या डब्यात कुत्र्यांसाठी पेटी असते, पण आपल्या माळव्यातल्या मे महिन्यात त्यात कुत्रा ठेवू नका.

घरात आजारपण असेल, पैसा पुरत नसेल, मुलाला दम्याचा त्रास असेल, तर देण्यात काही गैर नाही. मोकळेपणाने चार लोकांना सांगा. टफीचं दुसरं घर आम्हाला त्याच्या डॉक्टरांनीच सुचवलं होतं. आधी विचारलं असतं तर पहिल्यांदाच मिळालं असतं.

देवळापाशी किंवा बायपासवर सोडणं

‘दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्रे असतात, देवळापाशी सोडा, प्रसाद मिळेल’, हे मी स्वतः ऐकलं आहे. गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. घरात वाढलेला कुत्रा तिथे गेला की पहिल्या रात्रीच चावे खातो, पळतो आणि गाडीखाली येतो. उपासमार होईल असं जनावराला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे.

‘खंडवा रोडला ओळखीचं फार्म हाऊस आहे, मोकळा हुंदडेल’ हा बेत ऐकायला छान वाटतो. तिथे जाऊन विचारा: रात्री कोण असतं? साखळीला किती वेळ बांधतात? मालक रविवारीच येत असेल, तर सोफ्यावर झोपणारा कुत्रा उरलेले सहा दिवस एकटा राहणार.

नसबंदी न करता ‘फुकट देणे आहे’ म्हणून फोटो टाकणं

जातिवंत कुत्री असेल तर असा फोटो पाहून पिल्लांचा धंदा करणारे आधी येतात. २०१७ च्या नियमांप्रमाणे या धंद्याला नोंदणी लागते, पण घरच्या घरी चोरून करणारे कमी नाहीत. नसबंदी करूनच द्या. शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे तिला तुमच्याचकडे राहू द्या.

खोड लपवणं

सगळ्यात महाग पडते ती ही. टफी जेवताना कुणी जवळ आलं की गुरगुरायचा. आम्हाला सवय होती, त्याचं ताट ठेवून आम्ही बाजूला व्हायचो. नव्या घरी हे सांगितलंच नाही; सांगितलं तर नाही म्हणतील, ही भीती. पहिल्याच संध्याकाळी तिथल्या सहा वर्षांच्या मुलाने ताटाकडे हात नेला आणि बोटाला दात लागला. जखम साबणाने धुतली, इंजेक्शनं सुरू झाली. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या भल्या माणसांनी दहा दिवस त्याला खाऊपिऊ घातलं आणि मग आणून सोडलं. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. मला आजही त्या मुलाचा चेहरा आठवतो.

म्हणून सगळं सांगा. कुणाला चावला आहे का, फटाक्यांना घाबरतो का, मांजरीमागे धावतो का, एकटा राहिला तर दार ओरबाडतो का. गेल्या दहा दिवसांत कुणाला चावला असेल, तर तूर्त देऊच नका. लसींचं पुस्तक सोबत द्या: रेबीजची तारीख, डिस्टेंपर-पार्व्होची तारीख, गोचीड-ताप होऊन गेला असेल तर तोही.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी विसरतात. मराठी घरातला कुत्रा ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ ओळखतो. नव्या घरी ‘आजा’, ‘रुक’ म्हटलं की तो नुसता बघत राहतो आणि लोक त्याला अडाणी समजतात. त्याचे शब्द कागदावर लिहून द्या. आणि अंडं-मटण खाणारा कुत्रा शुद्ध शाकाहारी घरी जाणार असेल, तर ताटात काय पडेल हे आधीच ठरवा. खाणं एकदम बदललं की जुलाब होतात. आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत न्या.

दिल्यानंतर अडचण आली तर

एक-दोन दिवस जेवला नाही, कोपऱ्यात बसला, रात्री रडला, घरात लघवी केली, तर घाबरू नये. न धुतलेलं त्याचं अंथरूण सोबत दिलं असेल तर लवकर शांत होतो. दोन दिवसांपुढे उपास गेला, उलट्या झाल्या किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र डॉक्टरकडेच न्यावं. पहिले काही आठवडे पट्ट्याशिवाय दार उघडायचं नाही. कुत्रा जुन्या घराच्या दिशेने निघतो. गळ्यात नव्या घराचा फोन नंबर हवा. दिवाळीच्या आणि रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे इथल्या रंगांच्या मोठ्या मिरवणुकीच्या, आसपास तर देऊच नका. त्या आवाजात सुटलेला कुत्रा सापडणं कठीण.

दोन्ही घरांचे पत्ते, सह्या आणि एक अट साध्या कागदावर लिहून घ्या: जमलं नाही तर कुत्रा आमच्याकडेच परत येईल, तिसऱ्याला द्यायचा नाही.

आणि लगेच भेटायला जाऊ नका. आम्ही दोन महिने गेलो नाही, फोनवरच विचारायचो. गेलो तेव्हा टफी धावत आला, पायाशी लोळला, हात चाटले. थोड्या वेळाने उठून तिथल्या काकांच्या खुर्चीखाली जाऊन झोपला.