कृष्णवर्णीय वस्तीवर स्वतंत्र माहितीपट करताना

अमेरिकेतल्या एखाद्या कृष्णवर्णीय वस्तीवर माहितीपट करायचे मनात आले की बहुतेक जण आधी कॅमेऱ्याची चौकशी करतात. त्याआधी विचारायचे असते ते हे, की तिथल्या लोकांना स्वतःविषयी काय सांगायचे आहे आणि त्यासाठी त्यांना आपली गरज आहे का. फिलाडेल्फियातील स्क्राइब व्हिडिओ सेंटर ही लुई मसाया यांनी १९८२ साली सुरू केलेली संस्था या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या ‘प्रेशस प्लेसेस’ या उपक्रमात आपल्या परिसरातील कोणत्या जागेचा इतिहास सांगायचा हे रहिवासीच ठरवतात. चित्रपटकार आणि अभ्यासक त्यांच्या मदतीला असतात. नवख्याने हीच पद्धत धरावी.

मुंबईत १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून आलेले असल्यामुळे मराठी चित्रपटकाराला त्यांचा इतिहास जवळचा वाटतो. ही जवळीक बोलणे सुरू करायला उपयोगी पडते. तिच्या जोरावर कोणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मात्र मिळत नाही. म्हणून वस्तीतलाच सहदिग्दर्शक घ्यावा, आणि त्याचे नाव केवळ श्रेयनामावलीत न घालता संकलनात त्याचे मत निर्णायक राहील असे लेखी ठरवावे.

संमतिपत्रावर सही झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. चित्रपट कुठे दाखवला जाईल, कोणता भाग कधीपर्यंत काढून टाकता येईल, उत्पन्न झाल्यास त्यात वाटा असेल का, हे सोप्या भाषेत सांगून रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा मसुदा, दाखवताना पुन्हा विचारावे. शिकागोतील दोन कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू मुलांवरील ‘हूप ड्रीम्स’ (१९९४) या माहितीपटाच्या निर्मात्यांनी त्या कुटुंबांना उत्पन्नात सहभागी करून घेतले होते, तेव्हा असे करता येत नाही ही सबब टिकत नाही. ज्याच्यावर खटला चालू आहे त्याला घटनेविषयी कॅमेऱ्यासमोर बोलते करण्यापूर्वी त्याच्या वकिलाला जरूर विचारावे, कारण चित्रपटात न घेतलेले चित्रीकरणही न्यायालय मागवू शकते.

चित्रीकरणात प्रकाशयोजनेकडे जास्त लक्ष द्यावे लागते. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळा गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले नमुनापत्र वापरत, त्यामुळे गडद त्वचेचे बारकावे हरवत. आजचा कॅमेरा अधिक सक्षम आहे, पण पांढऱ्या भिंतीपुढे बसलेल्या गडद वर्णाच्या माणसाचे चित्रीकरण ऑटो एक्स्पोजरवर सोडले, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा हे कॅमेऱ्यालाच ठरवू दिले, तर भिंत सांभाळण्याच्या नादात चेहरा काळोखात जातो. म्हणून भिंत टाळून गडद रंगाची पार्श्वभूमी निवडावी आणि एक्स्पोजर चेहऱ्यावरून हाताने ठरवावे. समोरून भगभगीत दिवा मारण्याऐवजी मोठा, मऊ प्रकाश बाजूने आणावा. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला तरी चालते. गडद त्वचा प्रकाश परावर्तित करते आणि गालाच्या, कपाळाच्या त्या चकाकीतूनच चेहऱ्याला घडण मिळते, तेव्हा पावडर लावून ती पुसून टाकू नये. दोन वेगळ्या वर्णांची माणसे एकाच चौकटीत असतील तर गडद वर्णाच्या व्यक्तीला दिव्याच्या जवळ बसवावे. संकलनाच्या वेळी चेहरा उजळ करण्याचा मोह आवरावा. त्याने त्वचा राखाडी दिसू लागते आणि माणूस आजारी वाटतो.

मुलाखतीत फक्त पोलीस, गोळीबार आणि दारिद्र्य यांविषयीच विचारले, तर वस्तीचे वृत्तवाहिन्यांनी आधीच रंगवलेले चित्र पुन्हा उभे राहते. काम कोणी शिकवले, घर कसे घेतले, चर्चच्या गायनवृंदात कोण होते, हेही विचारावे. आवाज स्वच्छ असताना केवळ बोलण्याची ढब वेगळी म्हणून इंग्रजी उपशीर्षके घालणे मला तरी अपमानास्पद वाटते.

आता हक्कांविषयी, ज्यात चांगले चांगले चित्रपट अडकले आहेत. हेन्री हॅम्प्टन यांच्या ब्लॅकसाइड या कंपनीने नागरी हक्क चळवळीवर केलेली ‘आय्ज ऑन द प्राइझ’ ही मालिका १९८७ साली प्रक्षेपित झाली. तिच्यातील जुनी चित्रफीत, छायाचित्रे आणि गाणी यांचे हक्क ठरावीक मुदतीसाठीच घेतलेले होते. मुदत संपल्यावर मालिका दाखवणे अशक्य झाले, आणि फोर्ड फाउंडेशनसह इतरांनी दिलेल्या अनुदानातून हक्क नव्याने मिळवल्यावर ती २००६ साली पुन्हा अमेरिकी दूरचित्रवाणीवर आली. म्हणून पहिल्या दिवसापासून तक्ता ठेवावा आणि त्यात प्रत्येक तुकड्याचा मालक, मुदत, देश आणि माध्यम लिहावे. गाण्याला रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे दोन वेगळे हक्क लागतात, त्यामुळे मुलाखतीच्या खोलीतला रेडिओ आधी बंद करायला सांगावा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रांवर तिथे सहसा कॉपीराइट नसतो. लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात तशी भरपूर सापडतात. परवानगीशिवाय मर्यादित वापराची मुभा देणाऱ्या ‘फेअर यूज’च्या तरतुदीचा आधार घ्यायचा असेल तर वकिलाचे लेखी मत घ्यावे, कारण प्रक्षेपक हक्कभंगाच्या दाव्यांविरुद्धच्या विम्याशिवाय चित्रपट घेत नाहीत आणि विमा कंपनी ते मत मागते.

पैशासाठी ब्लॅक पब्लिक मीडिया (स्थापना १९७९) आणि फायरलाइट मीडिया या संस्थांच्या योजना पाहाव्यात. महोत्सवांत फिलाडेल्फियाचा ब्लॅकस्टार आधी पाहावा, पण पहिला खेळ वस्तीतच लावावा.

राहिल्या मूळ मुलाखती. तासाभराच्या बोलण्यातली चार मिनिटे चित्रपटात येतात आणि उरलेले हार्ड डिस्कवर पडून राहते. हॅम्प्टन यांच्या मालिकेसाठी घेतलेल्या मुलाखती आज सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जतन केलेल्या असून त्यांची शब्दांकने कोणालाही वाचता येतात. आपल्या मुलाखतींची न कापलेली प्रत त्या कुटुंबाला आणि, त्याची हरकत नसल्यास, स्थानिक ग्रंथालयाला द्यावी. ही अट वितरकाशी बोलणी सुरू होण्यापूर्वीच संमतिपत्रात लिहावी, कारण सगळे हक्क एकदा वितरकाला देऊन टाकल्यावर प्रत देण्यासाठीही त्याची परवानगी मागावी लागते.