जुन्या कॅम्पर व्हॅनचा रंग बदलताना

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या जुन्या गाडीची कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली व्हॅन, करून घेतलेली असेल आणि आता तिचा रंग बदलायचा असेल, तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी गाडीचे आरसी पुस्तक काढून बघावे. त्यात गाडीच्या रंगाची नोंद असते. ती बदलून घेण्यासाठी आरटीओत आधी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. जुन्या व्हॅनला लष्करी हिरवा रंग शोभून दिसतो असे अनेकांना वाटते, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, त्यामुळे तो विचार सोडून द्यावा. बाजूंना कोणताही रंग निवडला तरी छत पांढरेच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात गडद छताखाली दुपारी झोपून पाहिलेल्याला याचे कारण सांगावे लागत नाही.

कॅम्परचे रंगकाम साध्या गाडीपेक्षा अवघड होते ते छतावरच्या भोकांमुळे. पंखा, सोलर पॅनेल, बाजूला ओढायच्या कापडी छपराची पट्टी, जादा खिडक्या अशा प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कधीतरी सिलिकॉन सीलंट लावलेले असते आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही. डोळ्यांना न दिसणारा त्याचा अंश पत्र्यावर राहिला, तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून आधी हे सगळे सामान उतरवावे, सीलंट प्लास्टिकच्या पात्याने खरवडून काढावे आणि मगच डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) पुसायला घ्यावे. पुसताना एक फडके ओले आणि दुसरे कोरडे ठेवावे; ओल्या फडक्याने सुटलेला चिकटा वाळण्याआधीच कोरड्याने टिपून घ्यावा आणि फडकी वरचेवर बदलावीत. हे काम घासण्याच्या आधीच झाले पाहिजे, कारण आधी पॉलिश पेपर फिरवला तर सिलिकॉन ओरखड्यांत घासले जाऊन तिथेच बसते. शेवटी साध्या पाण्याचा फवारा मारून बघावे. पाणी सलग पसरले तर पत्रा स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन आकसले तर तिथे अजून सिलिकॉन किंवा मेण आहे, म्हणून तेवढा भाग पुन्हा पुसावा.

त्यानंतर गंजाकडे वळावे. छताच्या कडेचे गटर, खिडकीच्या रबराखालची घडी आणि मागच्या दाराचा खालचा काठ या तीन जागा हमखास गंजलेल्या सापडतात. माझ्या व्हॅनच्या गटरवर रंगाचा जेमतेम नखाएवढा फुगवटा होता. स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच दाबले, तर ते थेट आत गेले आणि वीतभर पत्रा कापून नवा जोडावा लागला. असा पत्रा लांबीने (पुट्टीने) बुजवू नये, कारण लांबी पाणी शोषते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे पुन्हा पोपडे येतात. वरवरचा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावा आणि त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर मारावा.

पत्र्यावरच्या पोच्यांत भरलेल्या लांबीला ८० नंबरच्या पेपरने आकार द्यावा, १८० ने ती सपाट करावी, प्रायमर ३२० ने घासावा आणि रंगाआधी ६०० च्या वॉटर पेपरचा शेवटचा हात फिरवावा. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारून मग घासले, तर खोलगट जागी काळे ठिपके शिल्लक राहतात आणि हाताला न लागलेला चढउतार नजरेला दिसतो.

एवढी तयारी घरी करता येते, प्रत्यक्ष रंग मात्र बूथ (रंगकामाची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजमध्येच मारून घ्यावा. दोन घटकांच्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या घटकामध्ये, आयसोसायनेट असते, त्यामुळे दमा जडू शकतो, आणि साध्या कापडी मास्कने त्यापासून मुळीच संरक्षण होत नाही. संपूर्ण गाडीचा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा, म्हणजे दोन बाजूंच्या छटेत फरक पडत नाही, आणि त्यातला अर्धा लिटर हार्डनर न घालता पुढच्या ओरखड्यांसाठी जपून ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला चांगला. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि चमक जाते.

रंग पुरता वाळल्याशिवाय छतावरचे सामान परत बसवण्याची घाई करू नये. बसवताना छिद्रांच्या कापलेल्या कडांना प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा आणि या वेळी सिलिकॉनऐवजी पीयू सीलंट वापरावे, कारण त्यावर पुढे रंग देता येतो. मेणाचे पॉलिश महिनाभर तरी लावू नये, आणि गाडी कोकणातून आली की गटर गोड्या पाण्याने धुवावे.