कॉल येण्याआधीच भरून ठेवायची पिशवी

रुग्णवाहिकेच्या आधी रुग्णापर्यंत पोहोचणारे प्रथमोपचारक असाल, तर आधी एक आकडा पक्का करा. तुमच्या भागातल्या सगळ्यात लांबच्या वस्तीवर रुग्णवाहिका पोहोचायला रात्री, भर पावसात किती मिनिटं लागतात? तेवढा वेळ रुग्ण तुमच्या हाती असतो. पिशवीतली प्रत्येक वस्तू तेवढा वेळ पुरली पाहिजे.

ऑक्सिजनपासून सुरुवात करा. 400 लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला 10 लिटरने जेमतेम 40 मिनिटं चालतो. काटा अर्ध्यावर असेल तर वीसच, आणि तळाशी थोडा वायू राखायचा असतो म्हणून तेवढीही नाहीत. दुसरा सिलिंडर हवाच. रेग्युलेटर काढताना त्यातला छोटा वॉशर बरेचदा जुन्या व्हॉल्व्हलाच चिकटून राहतो. मग नवा सिलिंडर उघडला की फस्स करून वायू बाजूने निघून जातो आणि अंधारात वॉशर शोधत बसावं लागतं. दोन जादा वॉशर रेग्युलेटरच्या पाऊचमध्येच ठेवा. व्हॉल्व्हला तेलकट हात अजिबात लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. ऑक्सिजन साठवणाऱ्या राखीव पिशवीचा मास्क असेल तर ती पिशवी आधी फुगू द्या, मगच तो तोंडावर लावा.

एईडीचा, म्हणजे छातीला पॅड चिकटवून हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या मशीनचा, दिवा हिरवा दिसला म्हणून थांबू नका, पॅडच्या पाकिटावरची तारीखही वाचा. मुदत संपली की जेल सुकतं आणि पॅड छातीला नीट चिकटत नाहीत. उन्हात उभ्या गाडीत मशीन ठेवलं तर हे मुदतीआधीही होतं. शेजारीच जाड कात्री, रेझर आणि कोरडा टॉवेल ठेवा, कारण ओल्या किंवा केसाळ छातीवर पॅड धरत नाहीत.

माणसंही मोजा. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्या प्रौढ रुग्णाची छाती दाबताना, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायचं आणि दर 2 मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा. दमलेल्याला आपला दाब उथळ पडतोय हे कळत नाही. रुग्णवाहिका लांब असेल तर दोघांवर भागत नाही, चौघांना निरोप जाईल अशी सोय आधीच करा.

टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हाता-पायाला आवळायचा पट्टा, दोन घ्या, मांडीला कधीकधी एक पुरत नाही. जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर बांधा, सांध्यावर नको, आणि वेळ मार्करने लिहा. त्यामुळे मार्करही यादीत आला, तोही चालू आहे का ते कागदावर ओढून बघा. रक्तातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी घट्ट बंद हवी, दमट हवेने आकडा चुकतो. नायट्राइल ग्लोव्हज, डोक्याला लावायचा टॉर्च आणि त्याचे जादा सेल नेहमीचेच.

वापरलेलं सामान त्याच रात्री भरा. सकाळवर टाकलं की मधेच दुसरा कॉल येतो आणि गॉजचा कप्पा रिकामा निघतो. भरून झालं की चेनला प्लास्टिकचं सील लावा आणि तारीख लिहा. सील तुटलेलं दिसलं तर पिशवी पूर्ण उघडून पुन्हा मोजा.