पहिली स्पर्धा आणि पुढचा ग्रुप

ठाणे-नवी मुंबईत गोल्फ शिकणाऱ्या बहुतेकांना पहिल्या स्पर्धेआधी एकच धास्ती असते: वाईट खेळलो तर लोक काय म्हणतील? काही म्हणत नाहीत. शंभराच्या वर स्कोअर (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले) घेऊन येणाऱ्यालाही पुढच्या वेळी हौसेनं बोलावतात. ज्याच्यामुळे मागचे ग्रुप उन्हात ताटकळले, तो मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. मी या स्पर्धा खेळतो आणि गुडघा कुरकुरतो तेव्हा आयोजकांच्या मदतीला मैदानावर फिरतो. वेळ कुठे जातो ते फिरताना जास्त चांगलं दिसतं.

स्विंगमध्ये वेळ जात नाही, म्हणून स्विंगची घाई करू नका. साधा हिशेब बघा. 90 फटके मारणाऱ्यानं प्रत्येक फटक्याला 20 सेकंद जास्त घेतले, तर त्याच्या एकट्याचा अर्धा तास झाला. चौघांनी तेच केलं की दोन तास. नियमांची शिफारस एका फटक्याला 40 सेकंदांची आहे आणि ते तुमची पाळी येऊन मार्ग मोकळा झाल्यापासून मोजायचे. तेवढे पुरतात, फक्त अंतर, वारा आणि क्लब यांचा विचार दुसरा मारत असतानाच उरकलेला हवा. बॉलपाशी पोचल्यावर कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनीसाला) अंतर विचारायचं, मग खिशात ग्लोव्ह शोधायचा, मग दोनऐवजी चार प्रॅक्टिस स्विंग, हे सगळीकडे दिसतं. आणि यात नवखे कमी असतात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चहूबाजूंनी उकिडवे बसून उतार न्याहाळणारे पंधरा-अठरा हँडिकॅपवाले (तेवढ्या फटक्यांची सूट मिळणारे, बऱ्यापैकी मुरलेले) जास्त असतात, असं माझं मत आहे.

आपण मागे पडलो का, हे पुढच्या ग्रुपकडे बघून ओळखायचं. पार-4 च्या, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा अशा होलच्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) पोचलात आणि त्या होलची ग्रीन केव्हाच रिकामी झालेली दिसली, तर चाल वाढवा. ‘मागे कुणी नाही, घाई कशाला’ हे स्पर्धेत चालत नाही. आयोजकांचं वेळेचं वेगळं धोरण असेल तर ते टी-ऑफच्या आधी वाचून घ्या. नसेल, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या प्रकारात) विनाकारण उशिराला पहिल्यांदा 1 पेनल्टी स्ट्रोक, दुसऱ्यांदा 2 आणि तिसऱ्यांदा थेट बाद.

खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी. डोंगराच्या पायथ्याला तेव्हा गवत असं माजतं की डोळ्यांदेखत पडलेला बॉल सापडत नाही. शोधायला 3 मिनिटं मिळतात. 2019 पूर्वी 5 मिळायची. म्हणून बॉल हरवल्याची नुसती शंका आली तरी पहिला मारला तिथूनच दुसरा मारायचा आणि मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता बॉल) असं स्पष्ट सांगायचं. न सांगता मारलात तर तोच खेळातला बॉल ठरतो आणि पहिला सापडूनही उपयोग नाही. जुना कॅडी बॉल हवेत असतानाच म्हणतो, “साहेब, अजून एक मारून ठेवा.” त्याचं ऐका. पुढे जाऊन शोधायचं, सापडला नाही म्हणून परत टीवर यायचं, यात मागचा अख्खा ग्रुप अडकतो.

पहिली स्पर्धा निवडायची मुभा असेल तर स्टेबलफोर्ड घ्या; त्यात दर होलला गुण मिळतात. पार-4 वर तुम्हाला हँडिकॅपमुळे एका स्ट्रोकची सूट मिळते असं धरा. सहा फटक्यांत बॉल होलमध्ये गेला नाही, तर गुण शून्य. बॉल उचला आणि पुढे चला. उचलण्यात कमीपणा नाही. नेहमीच्या स्ट्रोक प्लेमध्ये मात्र प्रत्येक होल पुरा करावाच लागतो. तिथे कुणी “राहू दे, दिला” म्हटलं तरी उचलू नका; सोडून देणं फक्त मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या सामन्यात असतं.

स्कोअर पुढच्या टीवर लिहायचा. ग्रीनवर उभं राहून बेरीज करणाऱ्याला मागचे फेअरवेवरून बघत असतात.

ठाण्याहून येणाऱ्यांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावर भरवसा ठेवू नये. सुरुवातीच्या वेळेला 5 मिनिटांपर्यंत उशीर झाला तर पहिल्या होलवर 2 स्ट्रोक, त्याहून जास्त झाला तर बाद. महापेच्या ट्रॅफिकचं कारण सांगून त्यातून सुटका होत नाही.

आता अवघड प्रसंग. तुमच्या ग्रुपमध्ये वयानं आणि हुद्द्यानं मोठे गृहस्थ आहेत आणि तेच रेंगाळताहेत. नवख्यानं त्यांना “लवकर करा” म्हणणं आपल्याकडे शोभत नाही आणि उपयोगाचंही नाही. “सर, मी तयार आहे, मारून घेऊ का?” एवढं विचारा. स्ट्रोक प्लेमध्ये पाळी सोडून खेळलात तरी पेनल्टी नाही. उलट कुणाला धोका नसेल तर नियमच तसं खेळायला उत्तेजन देतात. मात्र आपापसांत ठरवून कुणाचा फायदा करून दिला तर पेनल्टी बसते. सर ग्लोव्ह चढवेपर्यंत तुमचा फटका झालेला असतो. एक-दोन होलांनंतर बाकीचे दोघंही तसंच करू लागतात आणि बऱ्याचदा सरही न सांगता चाल वाढवतात. तरीही ग्रुप मागेच राहिला तर खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणारा मार्शल येईल. तो बोलेल तेव्हा आधीच्या होलवर कुणाचा बॉल हरवला होता ते सांगत बसू नका. “बरं” म्हणून चालू लागा.