अलंकार, वृत्त आणि रस : उजळणी करताना या चुका टाळा

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या परभणी-हिंगोली भागात व्याकरणाच्या वह्या पुन्हा उघडल्या जातात, आणि त्यांच्या शेवटच्या पानांवर बहुतेक ठिकाणी एकच तक्ता सापडतो. 'सारखा, सम, प्रमाणे' आले की उपमा, 'जणू, गमे, भासे' आले की उत्प्रेक्षा, 'नव्हे' आले की अपन्हुती. हा तक्ता खोटा नाही. मात्र तो पाठ करून ओळीत फक्त ते शब्द हुडकणारा विद्यार्थी नेमक्या त्याच प्रश्नांत अडकतो, जे प्रश्न समज तपासण्यासाठी काढलेले असतात. मराठी शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षे मीही हाच तक्ता फळ्यावर लिहून देत होते. उत्तरपत्रिका तपासताना त्याच त्या चुका दिसू लागल्या, तेव्हा लक्षात आले की मुलांचा अभ्यास कमी पडत नव्हता, आम्ही त्यांच्या हाती दिलेले साधन अपुरे होते.

शब्द पाहून अलंकार ठरवणे

पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच आहे. 'बाळ सारखे रडते' या वाक्यात 'सारखे' आहे, पण त्याचा अर्थ सतत असा आहे. 'आईने दोघांना सारखा वाटा दिला' यात सारखा म्हणजे समान. 'मला गावी जावेसे वाटते' यात 'वाटते' आहे, तरी उत्प्रेक्षा नाही. जुन्या कवितेत 'परी' हा शब्द कधी 'प्रमाणे' या अर्थाने येतो, तर कधी 'परंतु' या अर्थाने. 'तो वडिलांसारखा उंच आहे' या वाक्यात खरोखर तुलना आहे, तरीही उपमा नाही, कारण एका माणसाची दुसऱ्या माणसाशी केलेली ती केवळ माहितीची तुलना आहे. उपमेसाठी दोन मुळात भिन्न वस्तूंमधले साम्य दिसावे लागते आणि त्या साम्यातून वाचकाला काही सौंदर्य जाणवावे लागते.

यावर उपाय म्हणून मी वर्गात एकच चित्र घेते आणि ते निरनिराळ्या अलंकारांत फिरवून दाखवते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास काळ्या रानात कापूस फुटलेला असतो, त्यामुळे हे चित्र मुलांना समजावून सांगावे लागत नाही. 'रानातला कापूस चांदण्यासारखा शुभ्र दिसतो' असे म्हटले की कापूस आणि चांदणे वेगळे राहून त्यांच्यातले साम्य सांगितले जाते, म्हणून ती उपमा. 'कापूस म्हणजे जणू रानात उतरलेले चांदणेच' असे म्हटले की कापूस हे चांदणेच असावे अशी कल्पना कवी करतो, म्हणून उत्प्रेक्षा. 'कापसाच्या या चांदण्यात आई दिवसभर वेचणी करते' यात दोघांमधले अंतर पुसून कापसालाच चांदणे मानले आहे, ते रूपक. 'हा कापूस नव्हे, हे तर सांडलेले चांदणे' यात उपमेयाचा, म्हणजे ज्याचे वर्णन चालले आहे त्या कापसाचा, स्पष्ट निषेध आहे, म्हणून अपन्हुती. 'चांदण्याहूनही शुभ्र हा कापूस' यात उपमेय हे उपमानाला, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली त्या चांदण्याला, मागे टाकते, तो व्यतिरेक. 'आमच्या रानातला कापूस आमच्या रानातल्या कापसासारखाच' असे म्हटले, तर उपमेयाला दुसरे उपमानच मिळत नाही, तो अनन्वय.

याच चित्राच्या पुढच्या दोन रूपांत मुले सर्वाधिक चुकतात. 'हा कापूस फुटला आहे की चांदणे सांडले आहे, काही कळेना' यात मन दोन पर्यायांत अडकून राहते, म्हणून ससंदेह. 'चांदणे समजून चकोर कापसात उतरला' यात मात्र संशय उरलेलाच नाही. चकोराची फसगत झाली असून त्या भ्रमातून त्याच्या हातून कृतीही घडली आहे, म्हणून तो भ्रांतिमान. उत्प्रेक्षेत कवीला खरे काय ते ठाऊक असते आणि तो जाणूनबुजून कल्पना करतो, ससंदेहात निर्णय होत नाही, आणि भ्रांतिमानात चुकीचा निर्णय होऊन जातो. विद्यार्थ्याने स्वतःच्या आवडीचे एखादे चित्र, मग ते ज्वारीचे कणीस असो वा गोदावरीचे पात्र, अशा आठ रूपांत एकदा स्वतः लिहून पाहिले, तर या गटासाठी वेगळे पाठांतर फारसे करावे लागत नाही.

उपमेय आणि उपमान यांची अदलाबदल ही याच गटातली छोटी, पण गुण घालवणारी चूक आहे. हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे गाव ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या संत नामदेवांची 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा' ही ओळ घ्या. अमृत आधी आले म्हणून अनेक जण त्यालाच उपमेय म्हणतात. ओळ कोणाविषयी बोलते आहे, एवढेच विचारावे. ती नामाविषयी बोलते, म्हणून नाम हे उपमेय आणि अमृत हे उपमान. शब्दांचा क्रम कवी छंदासाठी बदलू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

यमक की श्लेष, दृष्टांत की अर्थांतरन्यास

यमक आणि श्लेष यांचा घोळ एका प्रश्नाने सुटतो : शब्द किती वेळा आला आहे? यमकात तीच अक्षरे ठरावीक जागी पुन्हा येतात आणि अर्थ बदलतो. श्लेषात शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देतो. 'मेघा, तू सर्वांना जीवन देतोस' या नेहमीच्या उदाहरणात 'जीवन' म्हणजे पाणी आणि जीवन म्हणजे आयुष्य. टँकरची वाट पाहिलेल्या आमच्या मुलांना हे दोन अर्थ एकाच शब्दात का बसतात, हे कोशात पाहावे लागत नाही.

दृष्टांत आणि अर्थांतरन्यास यांच्यासाठी थोडा अधिक वेळ द्यावा. दोन्हींत एक विधान आणि त्याला आधार देणारे दुसरे विधान असते, म्हणून ते एकच वाटतात. तुकोबांच्या 'लहानपण देगा देवा' या अभंगात लहान असण्याचे सुख सांगताना मुंगीला मिळणारा साखरेचा रवा आणि ऐरावताला बसणारा अंकुशाचा मार हे दाखले येतात. हे दाखले विशिष्ट आहेत. मुंगी म्हणजे मुंगी, ऐरावत म्हणजे ऐरावत, म्हणून हा दृष्टांत. रघुनाथ पंडितांच्या नल-दमयंतीच्या आख्यानात मात्र हंस पकडला जातो, बाकीचे पक्षी भिऊन पळून जातात, आणि मग कवी म्हणतो, 'कठिण समय येता कोण कामास येतो?' एका हंसाच्या प्रसंगावरून सगळ्या जगाला लागू पडणारे विधान निघाले, हा अर्थांतरन्यास. माझी कसोटी अशी आहे : आधार देणारे वाक्य कवितेतून बाहेर काढून म्हणीसारखे कुठेही वापरता येत असेल, तर बहुधा अर्थांतरन्यास आहे. ते दुसरे एखादे चित्रच असेल, तर दृष्टांत. सामान्य विधान आधी आणि विशिष्ट उदाहरण नंतर, असा उलटा क्रमही अर्थांतरन्यासात येतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

डोळ्यांनी वृत्त मोजणे

वृत्त कानाने ओळखायचे असते, आणि आपल्याकडे तर कान तयार करणारे वातावरण भरपूर आहे. सप्ताह, हरिपाठ आणि भजन यांत वाढलेले मूल परीक्षेत मात्र ओळ न म्हणताच तिच्यावर खुणा करत सुटते. जालना जिल्ह्यातल्या जांब या गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांची 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ मोठ्याने म्हटली की तिचा झोका लगेच कळतो : लघु-गुरु-गुरु (लघु म्हणजे ऱ्हस्व, गुरू म्हणजे दीर्घ) हा 'य' गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, चार वेळा, बारा अक्षरे, भुजंगप्रयात.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. 'सज्जना' या शब्दात अक्षरे तीनच आहेत, कारण जोडाक्षर एकच अक्षर मोजायचे. आणि 'ज्ज'चा आघात 'स'वर येतो म्हणून 'स' गुरू होतो. हा नियम शिकल्यावर विद्यार्थी तो सर्वत्र लावतात आणि दुसरी चूक करतात. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर केवळ आघात येत असेल तरच गुरू होते. 'तुझ्या', 'पुन्हा', 'कुऱ्हाड' या शब्दांत पहिल्या अक्षरावर असा आघात येत नाही. 'तुझ्या अंगणी चांदणे सांडलेले' ही मी वर्गासाठी रचलेली ओळ भुजंगप्रयातात आहे. तिच्यातला 'तु' गुरू धरला की पहिला गण 'य'ऐवजी 'म' होतो आणि पुढचे तीन गण बरोबर येऊनही वृत्त सापडत नाही. एकच गण बेसूर निघाला, तर आधी तिथले जोडाक्षर पुन्हा म्हणून पाहावे. चरणाचे शेवटचे अक्षर ऱ्हस्व असले तरी ते गुरू धरतात, हेही अनेकांच्या हातून सुटते. गण आठवत नसतील, तर 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र लिहून पहिल्या आठांपैकी प्रत्येक अक्षरापासून तीन-तीन अक्षरे वाचली की पुरे.

अभंगाला गण लावत बसणे ही मात्र दिशाच चुकण्याची गोष्ट आहे, कारण अभंग आणि ओवी हे अक्षरछंद आहेत, त्यांत लघु-गुरु न पाहता फक्त अक्षरे मोजतात. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया' इथे सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते, म्हणून हा मोठा अभंग. लहान अभंगात साधारणपणे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. गंगाखेडच्या जनाबाईंच्या 'विठो माझा लेकुरवाळा' या चरणात मोजली तर नऊ अक्षरे भरतात आणि मुले गोंधळतात. म्हणताना 'लेकुरवाळा'मधला 'र' पूर्ण उच्चारला जात नाही, म्हणून कानाला आठच ऐकू येतात. संतांनी या रचना गाण्यासाठी केल्या होत्या, तेव्हा अक्षर एखाद्याने कमी-अधिक झाले म्हणून छंद मोडला असे मानू नये.

रस आणि शब्दशक्ती

डोळ्यांत पाणी दिसले की करुण रस, हे समीकरण सोडून द्यावे. बीडकडची एखादी स्त्री ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत गाते, तेव्हा तिला भेटीची आशा असते. तिथे स्थायीभाव, म्हणजे मनातली मूळ भावना, रती (प्रेम) आहे आणि रस विप्रलंभ, म्हणजे विरहाचा, शृंगार. भेटच उरली नाही, तेव्हा शोक आणि करुण. वीर आणि रौद्र यांतही असेच पाहावे : मुळाशी उत्साह असेल तर वीर, क्रोध असेल तर रौद्र. लेखनात 'श्रृंगार' आणि 'बिभत्स' ही रूपे चुकीची आहेत. 'शृंगार' आणि 'बीभत्स' असेच लिहावे.

लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींसाठी वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, तपासावा. 'सगळे गाव जत्रेला गेले' यात वाच्यार्थ अडतो, कारण घरे-रस्ते जत्रेला जात नाहीत; म्हणून लक्षणा. अंगणात कापूस वाळत घातलेला असताना आजी म्हणते, 'आभाळ भरून आलं गं.' इथे वाच्यार्थ पूर्णपणे जुळतो, तरी सून धावत जाऊन कापूस आत घेते. ती व्यंजना. व्यंग्यार्थ या शब्दाचा टिंगलीशी संबंध जोडणे ही आणखी एक रूढ चूक आहे. त्याचा अर्थ सुचवलेला अर्थ एवढाच आहे.

रसग्रहणात नावे सांगून थांबणे

एवढे सगळे ओळखता आल्यावरही रसग्रहणात गुण जातात, कारण उत्तर 'या ओळीत रूपक अलंकार आला आहे, त्यामुळे कविता सुंदर झाली आहे' इथेच संपते. हे वाक्य कोणत्याही कवितेला चिकटवता येते, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्याच वाचनात कळते. कापसाचेच उदाहरण पुन्हा घेऊ. 'कापसाला चांदणे म्हटल्यामुळे उन्हातल्या कष्टाच्या कामावर रात्रीचा गारवा पसरतो. आई वेचते ते तिला ओझे न वाटता उजेड वाटावा, अशी लेकराची इच्छा या रूपकातून दिसते' असे लिहिले, तर अलंकाराचे काम कळले हे सिद्ध होते. म्हणून उजळणीच्या वहीत अलंकाराच्या नावापुढे दोन रकाने ठेवावेत. पहिल्यात तो कशावरून ओळखला याचे कारण लिहावे. दुसऱ्यात, तो काढून टाकून ओळ साध्या शब्दांत सांगितली असती तर काय हरवले असते, ते लिहावे. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर उत्तर लिहायला घेण्याआधी ती कविता एकदा मोठ्याने म्हणावी.